नकाशाच्या कोपऱ्यांतील चौकट

बहुतेक घरीं कपाटाच्या तळाशीं एक कागदाची गुंडाळी असते. घर घेतलें त्या वेळीं मिळालेला इमारतीचा मंजूर नकाशा तींत असतो. कधीं काळीं ती उलगडली, तर आपली दृष्टि प्रथम आपल्या खोल्यांकडे जाते. दिवाणखाना कोठें आहे, स्वयंपाकघर किती रुंद आहे, खिडकी पूर्वेस येते कीं पश्चिमेस, हें पाहून समाधान झालें म्हणजे कागद पुन्हां जागच्या जागीं जातो. त्याच कागदाच्या उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यांत रेघांनीं आखलेली एक लहानशी चौकट असते. तिच्याकडे सहसा कोणी पाहात नाहीं. आज मला त्या उपेक्षित कोपऱ्याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

इंजिनियर लोक या चौकटीला टायटल ब्लॉक म्हणतात; आपण तिला नांवाची चौकट म्हणूं. नकाशा कशाचा आहे, त्याचा क्रमांक काय, तो कोणीं काढला, कोणीं तपासला, कोणीं मान्य केला, कोणत्या दिवशीं केला, कोणत्या प्रमाणावर काढला, आणि एकंदर किती पानांपैकीं हें कितवें पान, एवढ्या गोष्टी तींत सांगितलेल्या असतात. घराचा नकाशा असो, पुलाचा असो किंवा सायकलीच्या एका खिळीचा असो, ही चौकट चुकत नाहीं. तिच्यांत कोणती माहिती असावी याविषयीं आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेनें नियम घालून दिलेले आहेत, आय.एस.ओ. ७२०० हें तें मानक, व त्याची २००४ सालची आवृत्ति प्रसिद्ध आहे. भारतीय मानक ब्यूरोचेंहि या विषयावर स्वतंत्र मानक आहे.

आपल्याकडे कोणत्याहि धर्मकृत्याच्या आरंभीं देशकालाचा उच्चार करितात. संवत्सर कोणता, मास कोणता, पक्ष कोणता, तिथि कोणती, आणि हें कृत्य करणारा मी कोण, हें सांगितल्यावांचून संकल्प पुरा होत नाहीं. नांवाची चौकट हा नकाशाचा संकल्प होय. वरच्या रेषा कितीहि सुबक असल्या, तरी त्या कोणाच्या, केव्हांच्या आणि कशासाठीं, हें कळल्याखेरीज त्यांवर हातोडा उचलतां येत नाहीं.

चौकटींतील एकच बाब उदाहरणादाखल घेऊं. नकाशावर 'प्रमाण १:१००' असें लिहिलेलें असतें. याचा अर्थ कागदावरील एक सेंटिमीटर म्हणजे जागेवरील एक मीटर. आतां मूळ नकाशा ए-१ आकाराच्या, म्हणजे ५९४ मि.मी. रुंद व ८४१ मि.मी. लांब कागदावर काढलेला आहे, आणि आपल्या हातीं आलेली प्रत सोयीसाठीं ए-३ कागदावर, म्हणजे २९७ बाय ४२० मि.मी. आकारांत छापलेली आहे, असें समजा. लांबीरुंदी दोन्ही निम्म्या झाल्या. चौकटींतील अक्षरें मात्र 'प्रमाण १:१००' असेंच सांगत राहिलीं. या प्रतीवर कोणी फूटपट्टी लावली, तर चार मीटरांची खोली त्याला दोन मीटरांची भरेल. म्हणूनच नकाशाच्या टिपांत 'लिहिलेलें माप ग्राह्य धरावें. कागदावर मोजून माप घेऊं नये' असें वाक्य असतें. आणि म्हणूनच जाणता नकाशाकार प्रमाणाच्या अंकाजवळ एक लहान मोजपट्टीहि काढून ठेवतो. प्रत लहान झाली कीं पट्टीहि तितकीच लहान होते. म्हणून ती खोटें बोलूं शकत नाहीं.

हा जो भेद आहे, एक खूण नकाशाबरोबर बदलते आणि दुसरी बदलत नाहीं, तोच माझ्या आजच्या विषयाचा गाभा आहे.

नकाशे हातानें काढीत त्या काळीं चौकटींतील प्रत्येक अक्षर हातानेंच लिहावें लागे. पारदर्शक कागदावर काळ्या शाईनें मूळ नकाशा काढीत आणि त्यावरून निळ्या प्रती उतरवून घेत. ती निळ्या प्रतींची रासायनिक युक्ति इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यानें १८४२ सालीं शोधून काढली. एकाद्या कामाचे चाळीस नकाशे झाले आणि त्यानंतर कामाचें नांव बदललें, तर चाळीस ठिकाणीं पात्यानें शाई खरवडून नवें नांव लिहावें लागे. एकूणचाळीस ठिकाणीं तें बदलावें आणि चाळिसाव्या ठिकाणीं राहून जावें, ही त्या काळची नेहमींची चूक होती.

१९६३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत आयव्हन सदरलंड या तरुण संशोधकानें 'स्केचपॅड' नांवाची प्रणाली तयार केली. संगणकाच्या पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीनें रेषा काढण्याची ती सोय होती. परंतु रेषा पडद्यावर उमटतात ही गोष्ट तींतील मुख्य नवल नव्हे. एक मूळ आकृति काढावी, तिच्या अनेक प्रती चित्रांत ठिकठिकाणीं ठेवाव्या, आणि मूळ आकृति बदलली कीं साऱ्या प्रती आपोआप बदलाव्या, ही व्यवस्था तींत होती. ज्याला आज आपण कॅड म्हणतों, त्या संगणकीय आरेखनाची ही पहाट. पुढें १९८२ सालीं 'ऑटोकॅड' आलें आणि तें लहान संगणकांवरहि चालूं लागलें. त्याच दशकाच्या अखेरीस 'प्रो-इंजिनियर' या प्रणालीनें वस्तूचें प्रत्येक माप नांवानें ओळखण्याची रीत कारखान्यांत रूढ केली. अशा नांव दिलेल्या, बदलतां येण्याजोग्या मूल्याला पॅरामीटर म्हणतात. आपल्या गणितशास्त्रांत त्याला प्राचल असा शब्द आहे.

प्राचल म्हणजे काय, हें समजण्यास पुन्हां त्या संकल्पाकडेच वळूं. पोथींत यजमानाचें नांव छापलेलें नसतें. तेथें 'अमुक गोत्र', 'अमुक नांव' असें असतें. गुरुजी ज्या घरीं जातात, त्या घरच्या यजमानाचें गोत्र व नांव त्या 'अमुका'च्या जागीं येतें. पोथी एकच, परंतु संकल्प ज्याचा त्याचा. कॅडमधील नांवाची चौकट अशीच पोथीसारखी एकदां तयार करून ठेवतात. तींत 'प्रमाण १:१००' असें लिहीत नाहींत. 'प्रमाण अमुक' असें लिहितात. कांहीं प्रणालींत इंग्रजींत 'आणि' या अर्थीं येणारें तें वळणदार चिन्ह लिहून त्यापुढें प्राचलाचें नांव देतात, कांहींत निराळी खूण वापरतात. पण तत्त्व एकच. नकाशाचें नांव, चालू पान, एकूण पानें, वस्तूचें द्रव्य, तिचें वजन, हीं सर्व त्या त्या ठिकाणाहून आपोआप चौकटींत येऊन बसतात. पान वाढविलें तर 'तीनपैकीं दुसरें' या जागीं आपण होऊन 'चारपैकीं दुसरें' असें होतें.

याचा उपयोग केवळ श्रम वांचविण्यापुरता नाहीं. दहा सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच उंच असा पोलादाचा एक ठोकळा घ्या. त्याचें आकारमान हजार घन सेंटिमीटर, आणि पोलादाच्या एका घन सेंटिमीटरचें वजन सुमारें ७.८५ ग्रॅम, म्हणजे ठोकळा ७.८५ किलोग्रॅम भरेल. पुढें कोणी ठरविलें, कीं हा ठोकळा अ‍ॅल्युमिनियमचा करावा. चौकटींत हातानें लिहिलेलें असेल, तर 'पोलाद' खोडून 'अ‍ॅल्युमिनियम' असें लिहिलें जाईल, आणि शेजारचें वजन ७.८५ किलोग्रॅमच राहील. वास्तविक तें २.७ किलोग्रॅमच्या आसपास हवें. प्राचलांनीं जोडलेल्या चौकटींत द्रव्य बदलतांच घनता बदलते, आणि घनतेबरोबर वजन. एक गोष्ट एकाच ठिकाणीं लिहावी आणि जेथें जेथें तिची गरज असेल तेथें तिनें स्वतः जावें, हा तो नियम. नकाशाच्या टिपांतहि हाच उपाय चालतो. 'छिद्राचा व्यास २० मि.मी. ठेवावा' या टिपेंतील विसाचा आंकडा टंकून न लिहितां आकृतींतील मापाशींच जोडला, तर आकृति एक सांगते आणि टीप दुसरें सांगते, असा प्रसंग येत नाहीं.

परंतु जी वस्तु आपोआप बदलते, तिच्याविषयीं एक प्रश्न नेहमीं विचारावा लागतो: ती बदलावयास हवी काय? तारखेचेंच घ्या. चौकटींत 'आजची तारीख' असें प्राचल घालण्याची सोय कांहीं प्रणालींत आहे, आणि नकाशा उघडतांच किंवा छापतांच तें नवी तारीख धारण करतें. नवशिक्याला ही मोठी सोय वाटते. पण तीन वर्षांपूर्वीं मान्य झालेला नकाशा आज छापला आणि त्यावर आजची तारीख उमटली, तर वाचणाऱ्यानें तो आजच मान्य झाला असें कां समजूं नये? छापल्याची तारीख बदलती असावी. मान्यतेची तारीख दगडावर कोरल्याप्रमाणें स्थिर असावी. पानांचा क्रमांक यंत्रानें भरावा, परंतु 'मान्य केलें' या शब्दांपुढील नांव माणसानेंच भरावें. कारण त्या जागीं माहिती नसते, जबाबदारी असते.

तसेंच, प्राचलाला मूल्य मिळालें नाहीं तर काय होतें? पोथींतील 'अमुक' तसाच वाचून टाकणारा गुरुजी जसा हास्यास्पद होतो, तशी कांहींशी अवस्था चौकटीची होते. ऑटोकॅडसारख्या प्रणालींत त्या जागीं ओळीनें चार जाळीदार चिन्हें किंवा चार आडव्या रेघा उमटतात. तें दिसावयास वाईट दिसतें खरें, परंतु मला त्यांत एक प्रामाणिकपणा दिसतो. रिकामी जागा पाहणाऱ्याला विचारावयास लावते. चुकीचा पण व्यवस्थित भरलेला शब्द मात्र कोणाला विचारूंच देत नाहीं. जुन्या कामाचा नकाशा नव्या कामासाठीं उचलला आणि चौकटींतील जुनें नांव तसेंच राहिलें, तर तें नांव कोणाच्याहि डोळ्यांत खुपत नाहीं. आणि म्हणूनच तें अधिक घातक.

असा एक जुना नकाशा काय करूं शकतो, हें टोकियो डिस्नेलँडमध्यें ५ डिसेंबर २००३ या दिवशीं जगानें पाहिलें. तेथील 'स्पेस माउंटन' या प्रसिद्ध रोलर कोस्टरच्या एका गाडीचा आंस धांवतां धांवतां मोडला आणि गाडी रुळावरून घसरली. गाडींत बारा माणसें होतीं. दैव बलवत्तर म्हणून कोणासहि इजा झाली नाहीं. चौकशींत जें निष्पन्न झालें तें विचार करण्याजोगें आहे. १९९५ सालीं तेथील मापें इंचांवरून मेट्रिक पद्धतीवर आणतांना त्या आंसाचें माप ४४.१४ मि.मी. वरून ४५ मि.मी. करण्यांत आलें होतें. नवा नकाशा तयार झाला. पण जुना नकाशा नाहींसा झाला नाहीं. २००२ सालीं नवे आंस मागविण्याची वेळ आली, तेव्हां मागणीबरोबर गेला तो जुना नकाशा. आलेले आंस जुन्या नकाशाबरहुकूम होते. त्यांत कारागिराची कांहींच चूक नव्हती. आंस व त्याचें बेअरिंग यांमध्यें फक्त ०.२ मि.मी. फट असावयाची, ती एक मि.मी.हून अधिक झाली. त्या फटींत आंस हादरत राहिला आणि अखेर मोडला. एका मि.मी.पेक्षांहि कमी असा हा फरक. चौकटींतील 'कितवी सुधारणा' हें एक अक्षर आणि त्याखालील तारीख कोणीं वेळीं ताडून पाहिली असती, तर तो टळला असता.

मापपद्धति बदलण्याचा हा प्रसंग आपणांसहि परका नाहीं. भारतांत १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें आलीं. तरी आजहि आपण घर विकत घेतों तें चौरस फुटांच्या भाषेंत, आणि नकाशा असतो मीटरांत. म्हणून 'सर्व मापें अमुक एककांत' ही एक ओळ चौकटीजवळ नसेल, तर नकाशावरील आंकडा नुसता आंकडाच राहतो.

आतां चिन्हांकडे वळूं. रेडिओवर चिन्ह दाखवितां येत नाहीं. तेव्हां श्रोत्यांनीं तें मनांतच रेखावें. एक लहान वर्तुळ काढा आणि त्याला छेदणारी तिरपी रेघ द्या. हें झालें व्यासाचें चिन्ह. आंकड्यापूर्वीं हें चिन्ह आलें, कीं वस्तु गोल आहे. चिता आणि चिंता यांत एका बिंदूचाच काय तो भेद, तसाच येथें एका चिन्हाचा.

तरुणपणीं एका कारखान्याच्या आरेखन-कचेरींत मी नोकरीस होतों. एका लहान दांड्याचा नकाशा मीं कॅडवर काढला. दांडा गोल असल्यामुळें त्याचें एकच बाजूचें चित्र पुरेसें होतें, कारण व्यासाचें चिन्ह त्याची गोलाई सांगणारच होतें. माझ्या संगणकावर तें चिन्ह ठीक दिसत होतें. पण तें एका खास चिन्ह-टंकांतील अक्षर होतें. त्या टंकांत 'एन' हें रोमन अक्षर लिहिलें कीं व्यासाचें चिन्ह उमटतें. ज्या संगणकावरून नकाशा छापला गेला, त्यावर तो टंक नव्हता. छापील कागदावर आलें 'एन २०'. दुसऱ्या दिवशीं सकाळीं एक वयस्क टर्नर तो कागद घेऊन माझ्या टेबलाशीं आले. रात्रपाळी संपवून ते घरीं निघाले होते. शांतपणें म्हणाले, "साहेब, दांडा गोल हवा कीं चौकोनी? रात्रीं विचारायला वर कोणी नव्हतं, म्हणून मीं लेथ चालूच केला नाहीं." त्यांचें अर्ध्या रात्रीचें काम बुडालें होतें. रागावण्याचा पूर्ण हक्क असूनहि ते रागावले नाहींत. मला मात्र त्या कागदाकडे पाहण्याची लाज वाटली. नकाशाची चौकट आणि त्यावरील चिन्हें कोणासाठीं असतात, हें मला त्या सकाळीं प्रथम कळलें. काढणाऱ्याला सारें ठाऊकच असतें. तीं असतात, ज्याला विचारावयास जवळ कोणी नाहीं त्याच्यासाठीं.

या प्रसंगापासून मीं दोन नियम पाळीत आलों. चिन्ह असें निवडावें, कीं जें कोठल्याहि यंत्रावर तेंच राहील. आतां युनिकोड या सर्वमान्य संकेतांत व्यासाच्या चिन्हाला स्वतःचा स्वतंत्र क्रमांक आहे, त्यामुळें ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे. आणि नकाशा पडद्यावर न तपासतां, ज्या रूपांत तो कारागिराच्या हातीं जावयाचा त्या रूपांतच तपासावा.

चौकटींतील दुसरें एक चिन्ह याहून गूढ वाटतें. आडव्या पाडलेल्या बादलीसारखी एक आकृति, आणि तिच्या शेजारीं एकांत एक अशीं दोन वर्तुळें. वस्तु डावीकडून पाहिली असतां जें दिसतें, तें चित्र मुख्य चित्राच्या डावीकडे मांडावें कीं उजवीकडे, याविषयीं जगांत दोन रीती आहेत. भारतांत व युरोपांत तें उजवीकडे मांडतात. तिला फर्स्ट अँगल म्हणतात. अमेरिकेंत तें डावीकडेच ठेवतात. ती थर्ड अँगल. बादली तिच्या बुडाकडून पाहिली, तर तळाचें लहान वर्तुळ व तोंडाचें मोठें वर्तुळ अशीं दोन्ही दिसतात. हीं वर्तुळें बादलीच्या अरुंद बाजूशेजारीं काढलेलीं असतील तर थर्ड अँगल. रुंद बाजूशेजारीं असतील तर फर्स्ट अँगल. ही खूण वाचली नाहीं, तर डाव्या हाताचा भाग उजव्या हाताचा होऊन बसतो, आणि प्रत्येक माप अचूक असूनहि वस्तु निकामी ठरते.

टिपांतहि अशींच थोडक्यांत बहुत सांगणारीं पदें असतात. 'आय.एस.ओ. २७६८, एम' एवढेंच एका कोपऱ्यांत लिहिलेलें असतें. परंतु त्या एका पदामागें एक संपूर्ण कोष्टक उभें असतें: ज्या मापापुढें निराळी सूचना नाहीं, त्यांत किती चूक चालेल, हें तें सांगतें. शंभर मि.मी.च्या मापाला ०.३ मि.मी. कमीअधिक, वीस मि.मी.ला ०.२, अशी त्याची मर्यादा. तें पद गळालें, तर कारागिराला एक तर प्रत्येक मापासाठीं अकारण शीण करावा लागतो, किंवा जेथें काळजी हवी तेथेंच ती सुटते.

श्रोतेहो, आपण सारेच कांहीं कारखान्यांत काम करीत नाहीं. परंतु कपाटांतील त्या गुंडाळीशीं आपला संबंध आहे. इमारतीचे नकाशे पुनःपुन्हां सुधारले जातात. मंजूर नकाशांत विकासकानें मनास येईल तसा बदल करूं नये, इमारतीच्या आराखड्यांतील मोठ्या फेरबदलास सदनिका घेणाऱ्यांपैकीं किमान दोनतृतीयांशांची लेखी संमति हवी, असें २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें ठरविलें आहे. तो हक्क बजावावयाचा तर आपल्या हातांतील नकाशा मुळांत कितवा, हें आपणांस ठाऊक हवें. म्हणून पुढच्या वेळीं गुंडाळी उलगडाल, तेव्हां खोल्यांकडे जाण्यापूर्वीं क्षणभर त्या कोपऱ्याकडे पाहा. नकाशाचा क्रमांक काय, सुधारणा कितवी, मान्यता कोणाची व कोणत्या दिवसाची, प्रमाण काय आणि मापें कोणत्या एककांत, एवढे पांच प्रश्न त्याला विचारा.

यंत्र आतां त्या चौकटींतील बहुतेक जागा स्वतः भरूं शकतें, आणि तें भरतें तें सहसा बिनचूक असतें. परंतु 'अमुका'च्या जागीं योग्य नांव आलें कीं नाहीं, हें पाहण्याचें काम त्याचें नव्हे. तें काम, नकाशा काढणाराचें असो, लेथवर उभ्या असलेल्याचें असो कीं घरांत राहणाराचें असो, माणसाचेंच आहे.